एकाच नंबरावर दोन हेरवाडे

“सूनबाई, माझ्या नंबरावर अजित राहायलाय.”

थोरलेमामा चपला काढता काढताच बोलायला लागले. दिवाळी तोंडावर आलेली, दुपारची वेळ, समू नुकती कुठं झोपलेली. मी ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीतल्या पाळण्याकडे दाखवलं. मामांनी आवाज खाली आणला. राग मात्र होता तिथंच राहिला.

थोरलेमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ, सुकुमार हेरवाडे. जयसिंगपुरात त्यांचं भडंगाचं दुकान आहे, पाटीवर ‘मूळ हेरवाडे भडंग’. त्याच रस्त्याला थोडं पुढं त्यांचे सख्खे धाकटे भाऊ अजितमामा यांचं दुकान, पाटीवर ‘अस्सल हेरवाडे भडंग’. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नाही. माझ्या लग्नात एकानं मांडवाच्या उजव्या अंगानं अक्षता टाकल्या, दुसऱ्यानं डाव्या. सासूबाई दोघांची थोरली बहीण. दोघंही त्यांना अक्का म्हणतात. भावाभावांत एवढंच काय ते एकसारखं उरलं होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

“नंबर म्हणजे?” मी विचारलं.

“वेबसाइटचा. जावयानं मोबाइलवर काढून दाखवलं. माझ्या वेबसाइटचा नंबर आणि त्याच्या वेबसाइटचा नंबर, एका आकड्याचा फरक नाही. वाटणीत सगळं लिहून झालंय. भिंत त्याची, बोळ माझा. मग हा नंबर कुणाचा? अतिक्रमण आहे हे. मी नगरपरिषदेत अर्ज देणार.”

आमच्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली. गल्ली चुकली तर माणूस चुकतो. त्यामुळे मामांचा राग अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही.

सासूबाई चिवड्यासाठी डाळं पाखडत बसल्या होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, “अर्ज नंतर दे. आधी तिला विचार की. वेबसाइट तिनं बांधलीय, नगरपरिषदेनं नाही.”

मी मूळची नाशिकची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हर म्हणजे कुठंतरी थंडगार खोलीत रात्रंदिवस चालू असलेला कॉम्प्युटर. लोक जी वेबसाइट उघडतात, ती तिथून येते. मग समू झाली. वेळेच्या फार आधी झाली. काचेच्या पेटीत ती आणि पेटीबाहेर मी, वर हिरवे आकडे बदलत राहायचे आणि मी त्यांच्यावरची नजर काढायचे नाही. ती घरी आली, धडधाकट झाली, तरी माझी नजर काही निघाली नाही. तिला पाळणाघरात ठेवायचं नुसतं मनात आलं तरी हात गार पडायचे. नोकरी सोडली. वृषभला, माझ्या नवऱ्याला, थोरल्यामामांनी आपल्या कारखान्यात पॅकिंग बघायला बोलावलं आणि आम्ही जयसिंगपूरला आलो.

हातातली विद्या गप्प बसू देत नाही. मी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि गावातल्या लोकांच्या वेबसाइट त्याच्यावर ठेवायला लागले. पहिली थोरल्यामामांची. मग दातांचे डॉक्टर शेडबाळे, मग एक साड्यांचं दुकान, मग गणिताचे क्लास. एक दिवस अजितमामा आले. “अक्काच्या घरचं म्हणजे आपलंच,” म्हणाले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “कर की. पण करायचं तर दोघांचं सारखं कर.”

“मामा,” मी म्हटलं, “तो नंबर तुमचा नाही आणि त्यांचाही नाही. माझ्या मशीनचा आहे. मशीन एक, म्हणून दार एक. आत खोल्या आहेत. एका खोलीत तुमचं दुकान, एकीत त्यांचं, एकीत दातांचे डॉक्टर. दारावर मी एक माणूस बसवलाय.”

“कोण? पगारी?”

“माणूस म्हणजे प्रोग्रॅम. आमच्यात त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. गिऱ्हाईक दारात येऊन नाव सांगतं, मला मूळ हेरवाड्यांकडं जायचंय. हा त्याला दारातच थांबवतो, आत तुमच्या खोलीत जाऊन विचारतो आणि उत्तर आणून त्याच्या हातात ठेवतो. गिऱ्हाईक आत येतच नाही. आत किती खोल्या आहेत, शेजारी कोण आहे, त्याला दिसत नाही.”

“आणि माझ्या खोलीतनं अजितची खोली दिसते का?”

“नाही. मध्ये भिंत आहे.”

“भिंत कुणाची?”

“माझी.”

सासूबाईंचं सूप थांबलं. त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते, म्हणजे हसत असाव्यात. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “पद्मजा, तो दारावरचा. एका खोलीतलं दुसरीत सांगत नाही न?”

“नाही आई.”

“मग चांगलाय,” असं म्हणून त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं.

मामा मात्र शांत झाले होते, आणि त्यांचं ते शांत होणं मला आवडलं नाही. दुकानात माल नाकाला लावून बघताना त्यांचा चेहरा असा होतो.

“म्हणजे गिऱ्हाईक अजितचं नाव घेऊन आलं,” ते सावकाश म्हणाले, “तरी त्याला नेऊन कुठं पोचवायचं, ते तुझ्या माणसाच्या हातात.”

मी मान डोलावली.

“दिवाळी होईस्तोवर. सगळी नकोत मला. तीनातलं एक लाव माझ्याकडं. हेरवाडे ते हेरवाडे. भडंग एकाच बापाचं. गिऱ्हाइकाला काय कळतंय?”

“मामा, तसं नाही करता येत.”

“येत नाही, का करायचं नाही?”

प्रश्न सरळ होता. मला वाकडं उत्तर सुचलं नाही.

“येतं. एका ओळीचं काम आहे. पण करणार नाही.”

मामा उठले. दाराशी जाऊन चपला घालताना पाठमोरेच म्हणाले, “वृषभला विचार एकदा. तो माझ्याकडं असतोय. दिवाळी म्हणजे काय, त्याला ठाऊक आहे.”

वृषभ संध्याकाळी आला तो सगळं ऐकूनच आला होता. हातपाय धुतले, समूला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, “नाही म्हणायचं होतं तर म्हणायचंस. पण जमत नाही म्हणून सांगायचंस. जमतंय पण करत नाही, हे कशाला?”

“त्यांनी विचारलं.”

“विचारलं की सगळं सांगायचं असतं का?”

“अरे, उद्या तो जावई सांगेल की जमतं म्हणून. मग?”

“मग उद्याचं उद्या बघितलं असतं.” त्याचा आवाज चढला नव्हता, वृषभचा कधी चढत नाही. “मामांनी आपल्याला बोलावलं तेव्हा दुसरं कुणी बोलावत नव्हतं, पद्मजा. समूचे डॉक्टर सांगलीला, तुझं मन थाऱ्यावर नाही. मला काढलं तर आपण कुठं जायचं? परत पुण्याला? आणि हिला कुठं ठेवायचं?”

त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या.

“आई, तुम्ही मामांशी बोला ना. तुमचं ऐकतील ते.”

“मी मधे पडत नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच पडलो नाही.”

इकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. एरवी मला ते गोड वाटतं. त्या दिवशी वाटलं, हिला बरं आहे. दोन भाऊ भांडतात आणि ही भाकरी थापते. वाटणीच्या वेळी हिनं एकाला जरी चार शब्द सुनावले असते, तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती.

धनत्रयोदशीला सकाळी समूला खिमट भरवत होते. एक घास तिच्या तोंडात, एक डोळा मोबाइलवर, हे माझं रोजचंच. मशीनला किती धाप लागलीय, कुठल्या खोलीत किती गर्दी आहे, दारावरचा मला सगळं कळवत असतो. मध्येच मोबाइल थरथरला. अस्सल हेरवाड्यांच्या खोलीतून उत्तर येत नव्हतं.

मी वाटी खाली ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. अजितमामांचा असेल असं वाटलं. थोरल्यामामांचा होता.

“अजितचं बंद पडलंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी बघत असतो,” ते म्हणाले आणि लगेच पुढं, “आता तर पाप पण नाही. त्याचं दुकान उघडतच नाही. बंद दुकानापुढं गिऱ्हाईक किती वेळ उभं राहील? दुसऱ्या दुकानात जाणारच की.”

“मामा, मी आधी काय झालंय ते बघते. मग फोन करते.”

समूनं खिमट थुंकायला सुरुवात केली. सासूबाई आल्या, एक शब्द न बोलता तिला उचललं, वाटी घेतली आणि अंगणात गेल्या. मी लॅपटॉप उघडला.

पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं सगळ्या नोकरदारांना सांगितलं होतं की दिवाळीची भेट म्हणून अस्सल हेरवाड्यांचं भडंग, आपापला पत्ता आपण भरा. सगळे एकदम आले होते. अजितमामांचा ऑर्डर घेणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला नव्हता. इचलकरंजीच्या कुणाकडून त्यांनी करून घेतला होता. तो प्रत्येक बिलासाठी मशीनची जागा अडवायचा आणि सोडायचाच नाही. आधी त्याची खोली भरली, मग सगळ्यांचा सामाईक बोळ भरला. शेडबाळे डॉक्टरांचं पान रखडत होतं. थोरल्यामामांचंसुद्धा रखडायला लागलं होतं. मशीन एक असलं की एकाच्या घरची गर्दी दुसऱ्याच्या अंगणात येतेच.

फोन पुन्हा वाजला. या वेळी वृषभच्या नंबरावरून, पण बोलत होते मामा. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. मागे पॅकिंगच्या मशीनची खटखट ऐकू येत होती आणि वृषभ काहीच बोलत नव्हता.

“सूनबाई, माझं पण आता हळू चालायलंय. त्याची माणसं माझ्या दारात उभारल्यात. निदान जी माझ्या दारात उभी आहेत ती तरी मला दे.”

“ती तुमच्या दारात नाहीत मामा. ती माझ्या दारात आहेत. नाव त्यांचं घेतायत.”

“एक ओळ, म्हणालीस ना.”

“हो.”

“मग लाव.”

माझ्या समोर ती फाइल उघडीच होती. एकाखाली एक नावं, आणि प्रत्येकापुढं त्याच्या खोलीचा पत्ता. अजितमामांच्या नावापुढचा पत्ता खोडून थोरल्यांचा घालायचा, बस. कुणालाही कळलं नसतं. अजितमामा उलट मलाच धन्यवाद देत बसले असते, बंद पडलेलं चालू केलंस म्हणून. माझे हात गार पडले होते, आणि समू तर बाहेर अंगणात हसत होती.

“मामा,” मी म्हटलं, “आज त्यांचं गिऱ्हाईक मी तुमच्याकडं नेलं, तर उद्या तुमचं कुठं नेते, ते तुम्हाला कसं कळणार?”

खटखट चालूच होती.

“माझ्या दारावर शेडबाळे डॉक्टर आहेत, क्लासवाले आहेत. कुणीच माझ्या मशीनच्या आत येऊन बघत नाही. जे नाव सांगितलं तिथंच माणूस पोचतो, एवढ्याच विश्वासावर ते सगळं उभं आहे. गिऱ्हाइकाला जायचं असेल तर आपल्या पायानं जाऊ दे. मी हाताला धरून नेणार नाही.”

“मला शिकवायलीस तू?”

“नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

“मग माझं नाव काढ तुझ्या दारावरनं.”

“काढते. पण दिवाळी झाल्यावर. आज काढलं तर तुमच्या आलेल्या ऑर्डरी हरवतील.”

फोन बंद झाला. कुणी केला, मामांनी की वृषभनं, ते कळलं नाही.

मी कामाला लागले. अडकलेला प्रोग्रॅम बंद करून नव्यानं सुरू केला. त्याला जागेची मर्यादा घालून दिली, की कितीही गर्दी झाली तरी आपल्या खोलीबाहेर पाय पसरायचा नाही. दारावरच्याला सांगितलं, नुसते भाव बघायला येणाऱ्यांना आत नेऊच नकोस. भावाचं पान, भडंगाचे फोटो तुझ्याजवळच ठेव आणि दारातच दाखव. खरंच ऑर्डर द्यायचीय त्यालाच आत सोड, तेही रांगेनं. बाकीच्यांना एक पान दाखव. पानावर काय लिहावं ते सुचेना. खिडकीतून सासूबाईंना विचारलं, “आई, गिऱ्हाइकाला थांबवायचं असेल तर काय म्हणायचं?”

“मसाला परतायलाय, जरा टेका,” त्या समूला भरवता भरवता म्हणाल्या.

तेच लिहिलं. लोक टेकले. लोकांना ते आवडलंही असावं, कारण दुपारपर्यंत अजितमामांच्या ऑर्डरी सुरळीत लागल्या, आणि थोरल्यांच्या त्याहून वेगानं जायला लागल्या. बोळ मोकळा झाला होता ना. मी लॅपटॉपवरून हात काढले तेव्हा माझी पाठ ताठ होती. पुण्यात याहून दहापट मोठी मशीनं सांभाळली होती, पण असं कधी वाटलं नव्हतं. कुणाला सांगावंसं वाटलं. सांगायला घरात सासूबाई होत्या. मी म्हटलं, “आई, झालं. दोघांचंही चालू आहे.”

“दोघांचंही ना,” त्या म्हणाल्या, “मग जेव आता.”

वृषभ नेहमीपेक्षा लवकर आला. “भाऊबीजेनंतर बघू म्हणालेत.”

“काय बघू?”

“माझं.” तो जरा थांबला. आईकडे न बघता म्हणाला, “भाऊबीजेला यायचं का नाही, ते पण बघू म्हणाले.”

सासूबाई देवघराजवळ वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला. वृषभची नोकरी जाईल, याची मी मनाशी तयारी केली होती, खोटं कशाला बोलू. हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“आई, माझ्यामुळं…”

“तबक चिंचेनं घासून काढ,” त्या म्हणाल्या. “काळं पडलंय.”

आमच्याकडच्या भाऊबीजेची एक रीत आहे. अजितमामा सकाळी लवकर येऊन जातात. थोरलेमामा दुपारी जेवण झाल्यावर येतात. कधी ठरवलेलं मी ऐकलं नाही, पण चुकलेलंही बघितलं नाही. अजितमामा गेले की सासूबाई पाटाभोवतीची रांगोळी पुसून नवी घालतात. निरांजनातली वात बदलतात, सुपारी बदलतात, अक्षता नव्या घेतात. दुसरा भाऊ येतो तेव्हा जणू पहिला आलाच नव्हता. ताटात लाडू, चकली, करंजी, चिवडा. ज्या घरच्या दोन भावांचं भडंग गावोगाव जातं, त्या बहिणीच्या फराळात भडंग नसतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी कारण विचारलं होतं. “कुणाचं ठेवू?” त्या म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी अजितमामांना उशीर झाला. पार्सलं अजून संपली नव्हती. ते आले तेव्हा दुपारचं ऊन पायरीवर आलं होतं. ओवाळून झालं, ताट हातात आलं, आणि मी सवयीनं खिडकीशी उभी होते. गल्लीच्या टोकाला थोरल्यामामांची जुनी स्कूटर वळली.

“आई,” मी म्हटलं. एवढंच.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अजितमामांच्या हातातलं ताट काढून घेतलं. “अजित, आत बस जरा. पोर झोपलंय, उठलं तर जवळ कुणीतरी पाहिजे.”

अजितमामांनी का म्हणून विचारलं नाही. पन्नाशीचा माणूस, शाळकरी पोरासारखा उठला आणि आतल्या खोलीत गेला. सासूबाईंनी ताट त्यांच्या पाठोपाठ आत दिलं आणि दार ओढून घेतलं. रांगोळी पुसली. दोन रेषा ओढल्या, मध्ये ठिपका दिला. वात बदलली. सगळं इतकं झरझर, की स्कूटर थांबली तेव्हा त्या पाटामागं उभ्या होत्या आणि तबक हातात होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. चपला. अजितमामांच्या चपला बाहेर पायरीवरच होत्या. मी दाराकडे धावले, पण थोरलेमामा पायरीशी पोचले होते. ते खाली बघत होते. मग त्यांनी आपल्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या आणि आत आले.

पाटावर बसले. सासूबाईंनी टिळा लावला, ओवाळलं. मामांनी तबकात ओवाळणी घातली, वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही. चिवड्याचा एक घास खाऊन म्हणाले, “अक्का, तुझ्या सुनेनं मला नाही म्हटलं.”

“ऐकलं मी.”

“माझ्या तोंडावर.”

“फोनवर म्हटलं की. तोंडावर कुठं.”

“अजितची गिऱ्हाइकं एका ओळीत माझ्याकडं येत होती. वृषभची नोकरी माझ्या हातात, हे तिला माहीत. तरी नाही म्हणाली.” मामांनी चकली मोडली. “तू शिकवलंस तिला.”

“मी कशाला शिकवू. मला कुठं येतंय कॉम्प्युटर.”

“वाटणीच्या वर्षी मी तुला काय म्हटलं होतं, आठवतंय?”

“आठवतंय.”

“अजित आला तर दार लाव म्हटलं होतं. नाहीतर मी येणार नाही.”

“होय.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, दार माझं आहे.” सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक लाडू ठेवला. “तुला पण लागणार नाही आणि त्याला पण लागणार नाही. त्या वर्षी दिवे लागेपर्यंत तबक घेऊन बसलो होतो. आलास शेवटी.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वृषभलाही माहीत नव्हतं. तो भिंतीला टेकून आईकडे बघत राहिला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पाळण्याची कडी कुरकुरली. समू चाळवली असावी. कुरकुर थांबली नाही, एका लयीत येत राहिली. मामांनी आम्हाला एकेकाला बघितलं. मी तिथं, वृषभ तिथं, अक्का समोर.

“पोरीला झोका कोण द्यायलंय?”

“घरचंच माणूस आहे,” सासूबाई म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. मग ते नुसतं खात राहिले, आणि आत झोका चालू राहिला. ताट संपलं, हात धुतला. तेव्हा कुठं ते माझ्याकडे वळले.

“जावयाला म्हटलं, दुसरीकडं हलवूया. तो म्हणतो, हलवता येईल, पण तिथं दारावर कोण असेल ते सांगता येत नाही.” त्यांनी उपरण्याला हात पुसले. “राहू दे माझं नाव. आणि वृषभ, उद्या लवकर ये. पार्सलं पडल्यात.”

मी पुढं होऊन वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच ठेवला.

आम्ही पायरीपर्यंत गेलो. मामांनी आपल्या चपला पायात सरकवल्या आणि शेजारच्या जोडीकडे बघत उभे राहिले.

“कापशीच्याच चपला घालतो अजून.”

मग त्यांनी पायरीवरच्या उन्हाकडे बघितलं.

“उन्हात चामडं तडकतं. सांग, त्या तुझ्या घरच्या माणसाला.”

“मी कुणाचं कुणाला सांगत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“ते ठाऊक आहे,” मामा म्हणाले. मग खाली वाकले, गुडघ्यावर हात देऊन, आणि ती चपलांची जोडी उचलून कट्ट्याच्या सावलीत ठेवली. स्कूटर गेली तेव्हा सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले असतील असं तुम्हाला वाटेल. त्यांनी आत जाऊन पाटाभोवतीची रांगोळी पुसली.

अजितमामा बाहेर आले. आतून सगळं ऐकू गेलं असणारच; आमच्या भिंती एवढ्या जाड नाहीत. पायरीवर येऊन त्यांनी चपला शोधल्या, सावलीत दिसल्या, आणि ते तिथंच जरा वेळ उभे राहिले.  जाताना माझ्या हातात भडंगाची एक पिशवी ठेवली. मी सासूबाईंकडे बघितलं. “घे,” त्या म्हणाल्या, “दातांच्या डॉक्टरांकडं पाठवून दे.”

आता समू चौथीत आहे. माझ्या दारावर गावातली आणि गावाबाहेरची पुष्कळ नावं झाली आहेत. मशीनही एकाचं दोन केलं. मूळ हेरवाडे आणि अस्सल हेरवाडे अजून शेजारशेजारच्या खोल्यांत आहेत, अजून बोलत नाहीत, आणि भाऊबीजेला अजून सकाळ-दुपार वाटून येतात. थोरलेमामा अजून अजितमामांची वेबसाइट बघत असतात. बंद पडली की पहिला फोन त्यांचाच येतो, “बघ जरा, त्याचं काय झालंय.” एवढं बोलून ठेवून देतात.

मागं सासूबाईंच्या माहेरच्या कुणी बाई घरी आल्या होत्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली. त्यांनी हळूच विचारलं, “अक्का, सून दिवसभर त्याच्यात काय करते गं?”

सासूबाई गवार मोडत होत्या.

“मी करतो तेच,” त्या म्हणाल्या. “फक्त ती बिल लावते.”